सगुणाबाईंच्या तळ्यात गाबोळी का नव्हती

“आणि हा आपला पैलवान,” मी शेठना म्हणालो. “चार नंबर. नरांमध्ये सगळ्यात तगडा. हा एकटा असला तरी सीझन निघेल.”

पैलवान म्हणजे आठ किलोचा जिताडा मासा. लवंगेच्या तेलाच्या पाण्यात तो गुंगला होता आणि ओल्या स्पंजवर उताणा पडला होता. मी त्याचं पोट हलक्या हाताने मागच्या बाजूला दाबत नेलं. पैदाशीच्या दिवसांत नराचं पोट असं दाबलं की दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. आमच्या धंद्यात त्याला मिल्ट म्हणतात. थेंब काही आला नाही. मी परत दाबलं. शेठ वाकून बघायला लागले.

“लाजतोय,” मी म्हणालो.

मग नळी घेतली. तान्ह्या बाळाला नाकातून दूध देतात तसली बारीक, मऊ नळी. तिचं एक टोक माशाच्या जननछिद्रात अलगद सारायचं आणि दुसरं टोक तोंडात धरून किंचित ओढायचं. आत जे असेल त्यातलं थोडं नळीत येतं. नळीत पिवळसर दाणे आले. बारीक रव्यासारखे.

शेठचं आयुष्य डंपरच्या धंद्यात गेलं आहे, हॅचरी त्यांनी हौसेने काढली. पण माणूस इथला आगरी. गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, ओळखायला त्यांना मायक्रोस्कोप लागत नाही.

“सायेब,” ते म्हणाले, “तुमचा पैलवान तर पोटुशी हाय.”

मी मांडवा आणि किहीमच्या मधल्या एका छोट्या हॅचरीत काम करतो. हॅचरी म्हणजे माशांचं बी तयार करायचा कारखाना. पैदाशीचे मोठे मासे आम्ही टाकीत पाळतो, त्यांना ब्रूडर म्हणतात. पाऊसकाळाच्या तोंडाशी, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास त्यांच्याकडून अंडी घ्यायची, पिल्लं वाढवायची आणि बोटभर झाली की तळीवाल्यांना द्यायची. रायगडात जिताड्याला काय मान आहे ते सांगायला नको. घरच्या तळ्यातला जिताडा पाहुण्याला वाढला की यजमानाची मान चार बोटं वर जाते.

त्या सकाळी मी चारही नर तपासले. पैलवानासकट दोघांच्या नळीत अंडी. एकाच्या नळीत काहीच नाही. तीन नंबरच्या नळीत कणभर काहीतरी आलं, ते मी काचेवर घेऊन ठेवलं. माद्या सहा होत्या, त्या अगदी वेळेवर तयार. म्हणजे मांडव घातलेला, सहा नवऱ्या बाशिंग बांधून बसलेल्या, आणि नवरदेवांपैकी दोघे त्यांच्याच ओळीत जाऊन बसलेले.

हे कसं झालं ते आधी सांगतो. कारण या गोष्टीत खरं नुकसान माझं होणार नव्हतं. एका बाईचं तळं मातीखाली जाणार होतं, आणि ते याच एका गोष्टीपायी. ती गोष्ट मला माहीत होती आणि मी तिला सांगितली नव्हती.

तर, जिताडा जन्माला येतो तो नर व्हायच्या तयारीनं. क्वचित अपवाद असतात, पण ठरलेला क्रम हाच. अडीच-तीन वर्षांचा झाला की तो बाप होण्याजोगा होतो. आणखी काही वर्षं बाप म्हणून काढली, अंगाने भरला, की बहुतेक वेळा तोच मासा मादी होतो. मग शेवटपर्यंत मादी. बाहेरून काही कळत नाही. तेच खवले, तेच लाल चमकणारे डोळे, तोच खडूस चेहरा. सगळा बदल पोटात होतो.

माशाच्या पोटात, पाठकण्याच्या खाली, दोन लांबट पट्ट्या असतात. पुस्तकात त्यांना जननग्रंथी म्हणतात. आधी त्या पांढऱ्या, चपट्या असतात आणि त्यांच्यात नराचं बीज तयार होतं. पुढे वेळ आली की बीज तयार करणाऱ्या पेशी ओसरायला लागतात, आणि त्याच पट्टीत अंड्यांच्या पेशी वाढायला लागतात. आपल्याकडे भात कापलं की त्याच शेतात, त्याच ओलीवर वाल लावतो ना, तसंच. बांध तोच, शेत तेच, पीक बदललं. मधले काही आठवडे असे असतात की भाताचे खुंट अजून उभे आहेत आणि त्यांच्यामधून वालाचे कोंब वर आलेत. तीन नंबरची काच मायक्रोस्कोपखाली ठेवली तर अगदी हेच दिसलं. विरत चाललेले नराचे पुंजके आणि त्यांच्यामध्ये नुकती धरलेली गोल गोल अंडी. इतका सुरेख नमुना मी नोकरीच्या सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. पण आनंद व्हायची ती वेळ नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं येतं तर मग चुकलात कसे? मी हे नुसतं जाणत नाही, शिकवतो. आमच्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्यांना मी यावर तासभर बोलतो, मध्ये चहा. पण पैलवानाच्या पाठीत चार वर्षांपूर्वी मी ओळखीच्या नंबराची चिप बसवली, वहीत ‘नर’ लिहिलं, आणि दर वर्षी वही बघून ‘नर’ म्हणत राहिलो. वही माझ्या अक्षरात होती. माणूस स्वतःच्या अक्षरावर फार विश्वास ठेवतो. मासे हिवाळ्यात एकदा तपासायचे असतात. तेव्हा पाणी गार होतं, मासे सुस्त होते आणि मीही.

“मंग आता नर कुठून आनायचे?” शेठनी विचारलं. “ऑनलाइन भेटतात?”

“खाडीत असतात. पण जाळ्यातून आलेला खवले उडालेला असतो, टाकीत जगत नाही. तळ्यात पाळलेला, तीनएक किलोचा हवा. आणि तळं खाऱ्या पाण्याचं हवं.”

“तीन किलोचा? आपन तर आठ किलोचे पोसलेत.”

“तिथेच गोची झाली, शेठ. आठ किलोचा नर म्हणजे आपल्याकडे पन्नाशीतला होतकरू तरुण.”

शेठनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी बावन्न वर्षांचा आहे.

घरी गेलो तर मंदानं, म्हणजे बायकोनं, दारातच नाक मुरडलं. “दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतं तुम्ही घरात आलात की.” लवंगेच्या तेलाचा वास चार दिवस जात नाही. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. तीन किलोचा, तळ्यातला, खाऱ्या पाण्यातला.

“ती ड्रमवाली बाई?” मंदा म्हणाली.

माझा घास हातात राहिला.

जानेवारीत एक बाई हॅचरीत आल्या होत्या. छोट्या टेम्पोत निळा ड्रम, ड्रममध्ये दोन जिताडे, वर ओलं पोतं. सगुणाबाई नाव. गाव आमच्यापासून स्कूटरवर वीस मिनिटं, थळच्या अलीकडे, खाडीकाठच्या खाजणाला लागून. त्यांना मासे विकायचे नव्हते. त्यांना एक विचारायचं होतं.

“सायेब, माझ्या तलावात गाबोली का होत न्हाय? शेजारच्या तलावात होते. पानी तेच, उघाडी तीच, बी पन त्याच खाडीतलं. ह्ये दोन तपासून सांगा.”

उघाडी म्हणजे बांधातली झडप. भरतीला तिच्यातून खाडीचं पाणी तळ्यात घेतात. शेठ त्या दिवशी पाहुणे घेऊन आले होते, मी घाईत होतो. मासे वरवर पाहून मी म्हणालो, “मावशी, दोन्ही नर दिसतात. गाबोळी हवी तर मादी आणून सोडा. आणि हे लहान आहेत, आमच्या कामाचे नाहीत.” वर हसलोही असेन. त्या ड्रम घेऊन गेल्या. संध्याकाळी हे मी मंदाला गंमत म्हणून सांगितलं होतं. ती तेव्हा हसली नव्हती, एवढं आता आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईंकडे गेलो. कौलारू घर, पुढे ओटी, मागे तळं. तळ्याच्या एका कोपऱ्यावर लाल मुरमाचा ढीग, अर्धा पाण्यात उतरलेला. ढिगापाशी एक रिकामा डंपर. डंपरच्या कपाळावर आमच्या शेठचं नाव.

सगुणाबाई काठावर बसून पाण्यात बारीक मासळीचे तुकडे टाकत होत्या. साठीच्या आसपास वय, काटक अंग. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

“या सायेब. मादी घेऊन आलात?”

मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

“बाजारात इचारलं मी,” त्या म्हणाल्या. “मादी जिताडा कुठं इकत भेटतो? लोक हसले. म्हनाले, सगुनाला येड लागलं.”

“मावशी, चुकलं माझं. मला तुमचे ते दोन मासे हवेत. तसे आणखी असतील तर तेही.”

“ते तर लान व्हते ना?”

“लहानच हवेत.”

“जानेवारीत लान नको व्हते. आता हवेत. मासे तेच हाईत, सायेब.” त्यांनी एक तुकडा पाण्यात टाकला. पाण्याला ठप्प आवाज झाला. “घेऊन जा. सगले घेऊन जा. मंगलवारी ह्यो तलाव भरनार.”

हळूहळू सगळं कळलं. नवरा गेल्याला आठ वर्षं झाली. तळं सासऱ्यांच्या वेळचं. मुलगा, नितेश, कंपनीत आहे. तळं बुजवून तिथे पाहुण्यांसाठी रूम बांधायच्या असा त्याचा बेत. मांडव्याला बोटीने उतरणारे लोक हल्ली इकडेही राहायला जागा शोधतात. पण बेताची सुरुवात रूमपासून झाली नव्हती.

या घराची एक रीत होती. दर तिसऱ्या चैत्रात तळं काढायचं, म्हणजे पाणी उपसून मासे धरायचे, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकींना माहेरी जेवायला बोलवायचं. सगुणाबाईंच्या तीन नणंदा. तिघी यायच्या, मासे स्वतः साफ करायला बसायच्या आणि प्रत्येक माशाच्या पोटात गाबोळी शोधायच्या. लग्न होऊन सगुणाबाई या घरात आल्या तेव्हापासून त्या तळ्यात गाबोळी म्हणून निघाली नव्हती. सासूच्या काळीही नव्हतीच, पण ते कोणाला आठवत नव्हतं. “सगुने, तुझा तलाव वांझ,” हे आधी चेष्टेत सुरू झालं. मग दर खेपेला. मग गावात सगळे तसंच म्हणायला लागले. शेजारचं तळं मुंबईला राहणाऱ्या एकाचं. तो पाच-सहा वर्षांत फिरकत नाही. त्याच्या तळ्यात मात्र हातभर गाबोळी.

“मी रोज दोन वेला खायला घालते. उघाडीतला गाल-चिखल स्वता काढते. त्यो मानूस बघत पन न्हाय. आन् गाबोली त्याला.” सगुणाबाईंचा आवाज चढला नव्हता. “औंदा चैत्रात मी नंदांना बोलावलंच न्हाय. कोन ऐकून घेनार? नितेश बोलला, आय, भरूनच टाकू. तुमाला इचारून बघितलं, तुमी पन तेच सांगितलं. माझ्या तलावात मादी न्हाय.”

मी काठावर बसलो. चिखलात बसलो ते नंतर कळलं. उत्तर इतकं सरळ होतं की सांगायला लाज वाटत होती.

“मावशी, तुम्ही बी पावसात सोडता. तिसऱ्या चैत्रात काढता. म्हणजे मासा किती वर्षांचा?”

“आडीच. थोडा वर.”

“जिताडा पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत नरच असतो. मादी नंतर होतो. तोच मासा.”

मी वालाच्या शेताचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “म्हंजे शेजारी गाबोली व्हते ती...”

“तो आळशी आहे म्हणून. त्याचे मासे म्हातारे होतात.”

सगुणाबाईंनी हातातले उरलेले तुकडे एकदम पाण्यात टाकले. पदराने हात पुसले. “मासे देते,” त्या म्हणाल्या. “पैसा नको. हे जे आता बोललात ते माझ्या नंदांसमोर बोला. तिघींना बोलावते. तुमी शिकल्याले, तुमच्या तोंडानं सांगा.”

मी बाहेर येऊन शेठना फोन लावला. “शेठ, आपल्याला हवेत ते नर तुमच्याच मुरमाखाली जाणार आहेत.”

पलीकडून शेठ म्हणाले, “पार्टीनं मंगलवार दिलाय. धंदा हाय, सायेब. मंगलवारपर्यंत डंपर थांबवतो. तवर काय करायचं ते करा.”

रविवारी मी मायक्रोस्कोप, तीन नंबरची काच आणि बाजारातून घेतलेला अडीच किलोचा एक मेलेला जिताडा घेऊन पोचलो. मी कॉलेजात बोललोय, सरकारी शिबिरांत बोललोय. पण त्या ओटीवर पाय ठेवण्याआधी मी पहिलं वाक्य दोनदा मनात घोकलं. तीन नणंदा चटईवर मांडी घालून बसल्या होत्या. थोरली हिराआक्का, सत्तरीची, नाकात मोठी नथणी. खांबाला टेकून नितेश उभा, हाताची घडी. सगुणाबाई आतल्या दाराच्या चौकटीत. त्या बाहेर आल्याच नाहीत.

मी सुरी काढून मासा चिरायला घेतला. दोन वार झाले असतील.

“सायेब, द्या इकडं,” हिराआक्का म्हणाल्या. “मेल्याला परत मारताय.” त्यांनी विळी ओढली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मासा उघडला.

“त्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात?” मी विचारलं.

“दूध. ह्ये आमी काढून टाकतो.”

“हीच जागा. हा मासा जगला असता तर आणखी दोन-तीन वर्षांनी याच पट्टीत गाबोळी झाली असती.”

“म्हंजे दादल्याची बायको व्हते?” मधली नणंद म्हणाली.

“होते.”

“आमच्या घरी एक हाय. टाका त्याला तुमच्या टाकीत. दोन वेला भाकऱ्या थापील तर बरं.”

ओटी हसण्याने हलली. नितेशही हसला, मग चेहरा सरळ केला. मी मायक्रोस्कोप मांडला, काच लावली, उजेडाकडे वळवला. तिघींनी आळीपाळीने डोळा लावला. धाकटीला आधी स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मग ती ओरडली, “अगो, मोती!” हिराआक्कांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. मी सांगत होतो: हे ओसरत चाललेलं नराचं, हे वाढत चाललेलं मादीचं, दोन्ही एकाच माशाच्या एकाच पट्टीत. पोट न तपासता नुसती वही बघून मी ज्याला ‘नर’ म्हणत राहिलो त्या माशाचं हे पोट, असंही सांगितलं. स्वतःची फजिती सांगितली की लोक पुढचं ऐकतात.

हिराआक्कांनी डोळा काढला. नथणी सरळ केली.

“किती वर्साचा व्हावा लागतो बोललात?”

“पाच. सहा.”

“आन् आमी कवा येतो?”

त्यांनी स्वतःच बोटं मोजली, एक, दोन, अडीच, आणि मूठ मिटली.

“सगुने,” त्यांनी दाराकडे न बघता हाक मारली. “तुझ्या तलावाला आमी टायमच दिला न्हाय गो. आमीच खाल्ला. खाल्ला आन् वर तुलाच बोललो.”

सगुणाबाई चौकटीतून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. जरा वेळाने सगुणाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि पहिला कप त्यांनी हिराआक्कांपुढे ठेवला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मधल्या नणंदेने मात्र पदर डोळ्याला लावला आणि माशाचा वास झोंबतो म्हणाली.

“नितेश,” हिराआक्का म्हणाल्या, “तलाव भरायचा न्हाय.”

“आत्ते, डंपर लागलेत—”

“लागू दे. सातबाऱ्यावर आमा तिघींची पन नावं हाईत. रूमच्या कागदावर सही मागायला आमच्याच दारात येशील ना?”

नितेशने हाताची घडी सोडली. “मला काय हौस हाय का भरायची? तुमी जेवून गेल्यावर आय चार दिवस नीट जेवत न्हाय. म्हनून काढला ना बेत.” मग आईकडे वळून, जरा हळू, “तुला ठेवायचाय का?”

“मी कवा बोलले भरा?” सगुणाबाई म्हणाल्या. “तुमी इचारलं कोनी?”

रूम घराच्या दुसऱ्या अंगाला, चिंचेच्या बाजूला बांधायच्या असं त्या दुपारी तिथेच ठरलं. चिंचेला धक्का लागतो की नाही यावर नवं भांडण सुरू झालं, तेव्हा मी सामान आवरलं.

सोमवारी जाळं टाकलं. सगुणाबाई काठावरून हुकूम देत होत्या, माझ्या दोन माणसांपेक्षा त्यांनाच मासा कुठे दबतो ते ठाऊक होतं. सात जिताडे मिळाले. काठावरच एकेकाचं पोट दाबलं. पाच जणांनी थेंब दिला, पांढराशुभ्र. सगुणाबाईंनी तो थेंब माझ्या बोटावरून आपल्या बोटावर घेतला आणि उन्हात धरून बघितला. पाच मासे मी नेले. दोन त्यांनी परत सोडायला लावले. “ह्यांना आता कोन हात लावतो ते बघते,” म्हणाल्या.

टाकीत पाणी एकदम समुद्राइतकं खारं करता येत नाही, थोडं थोडं वाढवावं लागतं. त्यात दिवस गेले. अमावास्या जवळ आली. तयार माद्यांना इंजेक्शन दिलं, नरांना निम्मा डोस. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर गेलो तर शेठ माझ्या आधी येऊन काचेच्या ग्लासात पाणी धरून उभे. ग्लासात वरच्या बाजूला अंडी तरंगत होती, पारदर्शक, प्रत्येकात तेलाचा एक बारीक ठिपका. फळलेली अंडी वर तरंगतात, वाया गेलेली तळाला बसतात. तळाला थोडीच होती.

“बाप कोन?” शेठनी विचारलं.

“सगुणाबाईंच्या तळ्यातले.”

“माझा भरावाचा धंदा बुडवलात,” शेठ ग्लास उजेडाला धरत म्हणाले, “आन् ह्यो वाचवलात. पगार देऊ का कापू?” मग स्वतःच हसले. ढीग घातलेला मुरूम त्यांनी स्वतःच्या खर्चाने उचलला. उचलताना बांध थोडा ढासळला तोही घालून दिला. हे ते कोणाला सांगत नाहीत, म्हणून मी सांगितलं.

त्या वर्षी आसपासच्या गावांतल्या तळ्यांत जे बी गेलं, त्या सगळ्याचे बाप त्या एका तळ्यातले. पहिल्या पिशव्या मी स्वतः सगुणाबाईंकडे घेऊन गेलो. पाण्यात बोटाएवढी पिल्लं सोडताना त्यांनी विचारलं, “ह्ये सगले नर?”

“होतील. आधी सगळे नरच होतात.”

“आन् मंग?”

“मग तुम्ही थांबलात तर मादी.”

“थांबेन. आता घाई कोनाला हाय?” नणंदांचं जेवण त्यांनी बंद केलेलं नाही. चैत्रात बोलावतात, पण बाजारातली सुरमई आणतात. हिराआक्का तळ्यावर जाऊन त्या दोन माशांना बघून येतात म्हणे, आणि किती वर्सं झाली ते मोजतात.

हॅचरीत मी वहीची पद्धत बदलली. आता ‘नर’ आणि ‘मादी’ शाईने लिहीत नाही, पेन्सिलीने लिहितो आणि पुढे तपासल्याची तारीख. दर वर्षी दोन-तीन तरुण मासे बाहेरून आणतो. पैलवान अजून आहे. दर सीझनला उत्तम अंडी देते. नाव बदललेलं नाही, ती ऐकत नाही. या सगळ्यातून शिकलो ते एवढंच की चिप माशाच्या पाठीत असते आणि वही माझ्या टेबलावर, आणि माशाने वही वाचलेली नसते.

पहिलं बी सोडून आलो त्या संध्याकाळी मंदाला सगळं पहिल्यापासून सांगितलं. हिराआक्कांची मिटलेली मूठ, चहाचा पहिला कप, बोटावरचा थेंब. मला वाटलं होतं ती म्हणेल, छान केलंत. तिने ताटात आणखी एक भाकरी वाढली.

“जानेवारीत त्या बाईंनी विचारलं, तेव्हाही उत्तर हेच होतं ना?”

“हेच होतं.”

“मग सहा महिने कुठे ठेवलं होतंत?”